उंच घड्याळ आणि तें घडविणारीं घरें
(ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



वेळ मोजण्याची कला आपणांस नवी नाहीं. लग्नमुहूर्तासाठीं आपल्याकडे घटिकापात्र पाण्यांत ठेवीत. तळाशीं बारीक छिद्र असलेली ती तांब्याची वाटी बुडाली, कीं एक घटिका, म्हणजे २४ मिनिटें, भरली असें समजत. ‘घड्याळ’ या शब्दाचेंहि मूळ त्या घटिकेंतच आहे.

१६५६ सालीं हॉलंडमधील हायगेन्स या शास्त्रज्ञानें घड्याळास लंबक जोडला. दोनच वर्षांनीं लंडनच्या फ्रोमंतील कुटुंबानें तशीं घड्याळें विकावयास काढलीं. सेकंदास एक झोका घेणारा लंबक सुमारें ३९ इंच लांब असावा लागतो. शिवाय वजनें हळूहळू खालीं उतरावयास जागा हवी. म्हणून या घड्याळांस पुरुषभर उंचीची लांकडी पेटी आली.

फ्रान्सच्या जुरा पर्वतांत मोर्बिए नांवाचें गांव आहे. १६६० च्या सुमारास सँ-क्लोद येथील कापुचिन संन्याशांनीं आपलें बिघडलेलें घड्याळ तेथील माये बंधूंकडे दिलें, व तें दुरुस्त करतां करतां ते ही विद्या शिकले, अशी परंपरा आहे. पुढें ती घरोघर पसरली. आपल्या नगर जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकऱ्यास उन्हाळ्यांत शेतीचें काम नसतें, तसें तेथें बर्फामुळें हिवाळ्यांत नसे. त्या दिवसांत एका घरीं चाकें कापीत, दुसऱ्या घरीं आणखी कांहीं भाग करीत. बापाचें काम मुलगा उचली. हें घड्याळ दर तासाचे टोले दोनदां देतें. दुसऱ्यांदा दोन मिनिटांनीं. पहिले टोले मोजावयाचे राहिले, तर दुसरे मोजावे!

परंतु त्याच्या तबकडीवर नांव असे बहुधा विकणाऱ्या दुकानदाराचें. करणाऱ्या घराचें नांव क्वचितच आढळतें. म्हणून त्यांतील बहुतेक हात आज अज्ञात आहेत.

बंधुहो, आपल्या ख्रिस्तमंदिराच्या शिलालेखावरहि थोडींच नांवें आहेत. दगड कोणीं वाहिले, पाणी कोणीं भरलें, पहांटे घंटा कोणीं वाजविली, हें सांगणारीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत. जुरांतील तें घड्याळ आठवड्यास एकदां चावी दिली, तरच चालतें. स्मरणाचेंहि तसेंच आहे. तेव्हां आज घरीं गेल्यावर वडीलधाऱ्यांजवळ बसा, तीं नांवें विचारा, आणि लिहून ठेवा. पुढच्या रविवारीं तो कागद मजकडे आणून द्या.