धामण मारली, मांत्रिक पोसला
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव झाला, विजेचे बिल झाले, पीक विमा झाला. शेवटचा विषय साप आणि घुबड यांचा आहे असे सांगितल्यावर मागे बसलेली मंडळी हसली. हसायला हरकत नाही. पण एक करा. ज्यांच्या घरातले, भावकीतले किंवा शेजारचे माणूस साप चावून गेले आहे, त्यांनी हात वर करावा.

पाहिलेत? निम्म्याहून जास्त हात वर आहेत. म्हणजे कापसाच्या भावाइतकाच हा विषयही आपलाच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही शहरातून जीवदया शिकवायला आलेलो नाही. रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलेली ज्वारी आम्ही पाहिली आहे. रोह्यांच्या कळपाने शेंडे खुडलेली कपाशी पाहिली आहे. ते नुकसान खरे आहे आणि त्याच्या भरपाईचे भांडण आपण सोडलेले नाही. आज बोलायचे आहे ते ज्यांनी आपला एक दाणाही खाल्ला नाही, आणि तरी दिसताक्षणी ज्यांना आपण ठेचतो, त्यांच्याविषयी. धामण आणि घुबड.

आधी उंदराचा हिशोब मांडू. आपण तो कधी मांडत नाही, कारण उंदीर पावती देत नाही. व्यापाऱ्याने क्विंटलमागे दोन किलो कापले तर आपण भांडतो. उंदीर उभ्या ज्वारीची कणसे तोडून बिळात नेतो, बोंड कुरतडून सरकी खातो, त्याच कापसाची पिल्लांसाठी गादी करतो, आणि उरलेले घरातल्या कणगीत येऊन वसूल करतो. उंदरीण गाभण राहिली की तीन आठवड्यांच्या आसपास विते. एका वेताला सहा-आठ पिल्ले. ही सावकारी कुठल्याही सावकाराला जमलेली नाही.

या उंदराला दिवसा बिळात शिरून खाणारी धामण, आणि रात्री धुऱ्यावरून उचलणारे घुबड. दोघांना पगार नाही, सालदारी नाही, जेवणाचा डबा नाही. कृषी महाविद्यालयात आम्हाला उंदरावरची औषधे पाठ करायला लावली होती. किती ग्रॅम औषध, किती भरडा, किती तेल. उंदीर कोण खातो, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. तो आम्ही पुढे एका पडक्या गढीखाली शिकलो. घुबड उंदीर अख्खा गिळते आणि न पचलेले केस व हाडे गोळा करून तोंडावाटे टाकते. गढीच्या भिंतीखाली अशा काळपट गोळ्यांचा खच पडला होता. चार गोळे पाण्यात भिजवून फोडले. आत उंदराच्या कवट्याच कवट्या. तुमच्या गावातही पडका वाडा असेल. मुलांना घेऊन जा आणि मोजून पाहा. आमच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही.

अशा राखणदाराला आपण काय देतो? घुबड ओरडले की घरातले माणूस जाणार म्हणतो. त्याला दगड मारला तर ते दगड घासत बसते आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो म्हणतो. भावांनो, माणूस झिजतो तो कर्जाने. घुबडाने झिजलेला माणूस आम्ही अजून पाहिलेला नाही. आजारी माणसाच्या घरात रात्रभर दिवा जळतो, दिव्याला किडे येतात, किड्यांना खायला पिंगळा येतो. माणूस आजारी पडला होता म्हणून पिंगळा आला. आपण उलटे वाचले.

धामणीची कथा याहून वाईट. म्हणे, ती म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते. सापाला ओढून प्यायला ना ओठ आहेत ना गाल. दात सुईसारखे आणि मागे वळलेले. ते सडाला लागले तर म्हैस लाथ मारल्याशिवाय राहील का? दूध कमी झाले तर वासरू पाहा, पेंड पाहा, कासेला दगडी रोग झाला आहे का पाहा. म्हणे, धामणीच्या शेपटीत विष आहे. शेपटीतही नाही आणि दातांतही नाही. म्हणे, नाग नर आणि धामण मादी. नागाची मादी नागच असते, धामणीचा नर धामणच असतो. दोन धामणी उभ्या राहून एकमेकींना वेटोळे घालतात, त्यांच्यावर आपण नवे कापड टाकतो, भरभराट होईल म्हणून. ते बहुधा दोन नर असतात आणि त्यांची कुस्ती चाललेली असते. कापड तेवढे वाया जाते.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, असू द्या हो, धामण मेली तर दोन पायली ज्वारी जाईल, त्यात काय मोठे? आता जे सांगायचे आहे त्यासाठीच आम्ही उभे आहोत.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही पदवी घेऊन नुकतेच कामाला लागलो होतो. एका गावात बैठकीसाठी मुक्काम होता. पहाटे शेजारच्या घरातून एक तरुण उचलून आणला. जमिनीवर झोपला होता, पोटात कळ येते म्हणत होता, पापण्या उघडत नव्हत्या. अंगावर जखम म्हणावी अशी काही नव्हती. कुणीतरी बॅटरी मारली तर अंथरुणाजवळ काळी, पांढऱ्या पट्ट्यांची मण्यार. गावात गाडी एकच होती, आमची जीप. तालुक्याचा दवाखाना एका बाजूला, मांत्रिकाचे देऊळ दुसऱ्या बाजूला. म्हातारी माणसे म्हणाली, देवळात न्या, याच्या काकाला त्याच बाबाने उठवले होते. आम्हाला माहीत होते. शिकलेले होतो. पण परक्या गावात म्हाताऱ्यांचा शब्द मोडायचा कसा, या भिडेने आम्ही जीप देवळाकडे वळवली. तिथे दोन तास गेले. मग दवाखान्याकडे निघालो. तो वाटेतच, आमच्या जीपमध्ये गेला.

दिवस झाल्यावर आम्ही त्या काकांना विचारले, तुम्हाला कोणता साप चावला होता? ते म्हणाले, "गोठ्यातली धामण हो. ही एवढी लांब."

भावांनो, या एका उत्तरात सगळे आले. धामणीला विष नाही. काका देवळात न जाता घरी झोपून राहिले असते तरी जगलेच असते. पण आपण धामणीला विषारी ठरवले, म्हणून काकांचे जगणे चमत्कार ठरले. चमत्कार बाबाच्या नावावर जमा झाला, आणि त्या जमेच्या भरवशावर पुतण्याला त्याच दारात नेले. आपल्याकडच्या सापांत बिनविषारी जातीच जास्त. विषारी सापसुद्धा प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असे नाही. म्हणून मांत्रिकाकडे नेलेली बरीच माणसे उठून चालत घरी येतात. मांत्रिक सापाच्या विषावर जगत नाही, तो धामणीच्या बदनामीवर जगतो. खोटी भीती आपण पाळतो आणि खऱ्या भीतीच्या वेळी ती आपला माणूस खाते.

हे एका गावाचे नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा की २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक सगळी खेड्यातली. त्याआधी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की मेलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश माणसे दवाखान्याच्या बाहेर मेली. औषध देशात तयार होते, मुंबईच्या हाफकिनमध्येही झाले, आणि माणूस औषधापर्यंत पोचत नाही.

तेव्हा भीती टाकून द्या असे आम्ही म्हणत नाही. भीती योग्य खात्यावर टाका असे म्हणतो. आपल्या शिवारात भ्यायचे ते चौघांना. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. घोणशीला कुणी परड म्हणतात. ती कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकते. तो आवाज आला की पाऊल तिथेच थांबवा. रात्री पाणी द्यायला जाताना हातात बॅटरी, पायात गमबूट. पऱ्हाट्यांचा ढीग आणि कडब्याची गंजी घराला चिकटून रचू नका. गंजीत आधी काठी घाला, मग हात. झोपायला बाज आणि मच्छरदाणी. मण्यार जमिनीवर झोपलेल्याला गाठते. वेचणीला जाणाऱ्या मायबहिणींच्या पायात काहीतरी असलेच पाहिजे, आणि ते मालकाने द्यावे.

साप चावलाच तर घट्ट दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, रक्त ओढू नका. माणसाला चालवू नका, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, धीर द्या, १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. साप कोणता यावर पारावर वाद घालू नका. धामण वाटली तरी दवाखानाच. बिनविषारी कवड्या आणि मण्यार यांत भले भले फसतात. साप मारून सोबत न्यायचीही गरज नाही. आपल्याकडची लस या चौघांवर एकच आहे आणि ती द्यायची की नाही हे डॉक्टर लक्षणे पाहून ठरवतात.

आता धामणीचे आणि घुबडाचे. धुऱ्यावर दिसली तर वाट द्या. घरात शिरली तर सर्पमित्राला बोलवा. कपाशीत आणि हरभऱ्यात टी आकाराचे पक्षीथांबे लावा. दिवसा अळ्या वेचणारे पक्षी बसतील, रात्री घुबड बसेल. ज्वारीत मात्र कणीस दुधात आले की थांबे काढा, नाहीतर दाणे खाणाऱ्यांनाच बसायला जागा व्हायची. ब्रोमॅडिओलोनसारखे औषध वापराल तर उघड्यावर फेकू नका, आणि मेलेले उंदीर रोज पुरा. औषध खाऊन झिंगलेला उंदीर घुबड उचलते आणि राखणदारही जातो.

एवढे आपल्या हातातले. बाकीचे सरकारच्या हातातले आहे, आणि तिथे आपण नरम राहायचे नाही. केंद्र सरकारने २०२४ साली सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणू असे त्यात लिहिले आहे. कागद चांगला आहे. तो आपल्या आरोग्य केंद्रात पोचला का, हे आपण विचारायचे. प्रत्येक गावच्या मंडळींनी पावसाळ्याआधी लेखी विचारावे: लसीच्या कुप्या किती आहेत, रात्री डॉक्टर कोण आहे, ऑक्सिजन आहे का. उत्तर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. आणि दुसरे, जिथे शेतीची वीज अजून रात्रीच्या पाळीने मिळते, तिथे शेतकऱ्याला अंधारात घोणशीच्या अंगावर पाठवणारा साप नव्हे, वीज देणारा आहे. दिवसा वीज ही मागणी सोयीची नाही, जिवाची आहे.

त्या पहाटे जीप कुठे वळवायची हे आम्हाला माहीत होते आणि आम्ही बोललो नाही. तुम्हीही आता ऐकले आहे. उद्या तुमच्या गावात कुणी तसा उचलून आणला आणि म्हातारी माणसे देवळाकडे बोट दाखवू लागली, तर भीड धरू नका. गाडी दवाखान्याकडे वळवा.