पंचनाम्यातला रिकामा रकाना
(स्नेहसंमेलनातील भाषण)



याच शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी झाड झालो होतो. संवाद एकही नव्हता, तरी मधेच आडवा पडलो. त्यामुळे आज मला 'नाटकवाला' म्हणून बोलावलंय, याचं बाईंनाच जास्त हसू येत असेल.

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तो दिवस तुम्हाला मी सांगायला नको. पुढच्या वर्षी आम्ही काही जणांनी पुरावर पथनाट्य बसवलं. लिहिलं मीच. अरबी समुद्र तापतोय, महिन्याचा पाऊस दोन दिवसांत कोसळतोय, सगळं त्यात होतं. खरं सांगतो, ते नाटक नव्हतंच. तो भूगोलाचा तास होता, आणि आपल्या सरांच्या तासाइतका रंगलेलाही नव्हता. लोक टाळ्या वाजवत आणि घरी जात.

मग ऑगुस्तो बोआल या ब्राझीलच्या रंगकर्मीची पद्धत करून पाहिली. नाटक अन्यायाच्या जागी आणून सोडायचं, उत्तर द्यायचं नाही. मग तेच पुन्हा सुरू करायचं. प्रेक्षकांतल्या कुणीही "थांबा" म्हणावं, पात्राची जागा घ्यावी आणि वेगळं वागून दाखवावं. बोआल १९९३ ते १९९६ रिओच्या नगरपरिषदेत निवडून आलेला सदस्य होता. अशा प्रयोगांतून आलेल्या सूचनांचे तिथे १३ कायदे झाले!

आमचा प्रवेश पंचनाम्याचा होता. दुकानदार नुकसान सांगतो, आमचा मित्र लिहून घेतो. एका वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या मावशी उठल्या. "थांबा." पदर खोचून सरळ पुढे आल्या.

"खोली मालकाची. शिलाई मशीन माझं, तेच बुडालं. भाडेकराराचा कागद नाही. माझं नाव कुठल्या रकान्यात लिहिणार?"

मित्र माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला त्या जागी वाक्यच दिलं नव्हतं. मला तो माणूस सुचलाच नव्हता. जिच्या घरात ना गाडी ना एसी, तिच्या खोलीत पाणी आधी शिरतं आणि मदत शेवटी पोचते. 'हवामान न्याय' हा जड शब्द मी भाषणांत वापरायचो. कळला त्या रात्री.

प्रवेश तीनदा केला. एकाने शेजाऱ्याची साक्ष आणली, ती चालली नाही. एक पोरगा तावातावाने भांडला, हशा झाला, पण काम अडलेलंच. तिसऱ्यांदा एक आजी म्हणाल्या, "पूर आल्यावर कशाला? भाडेकरूंची यादी आधीच द्या की." वहीचं पान फाडलं आणि तिथेच नावं लिहायला सुरुवात झाली. मेमध्ये ती यादी मावशींनी स्वतः कचेरीत दिली. शिक्का मारलेली पोच त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून, उंच फळीवर ठेवली आहे.

अजून चार वस्त्या बाकी आहेत. पंचनामा लिहिणारा मित्र बदली होऊन गेलाय. ज्याला ती भूमिका करायची असेल, त्याने जेवणाच्या सुट्टीत मला भेटावं. पाठांतर फारसं नाही.