घरबसल्या शुश्रूषेचें शिक्षण
(महोत्सवानिमित्त शहाड येथें भरलेल्या सभेंत दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं गेलेल्या वर्षांची उजळणी करावी व पूर्वजांचे उपकार स्मरावे, हा सर्वत्र शिरस्ता आहे. आणि तें कार्य आमच्यापूर्वीं बोललेल्या वक्त्यांनीं उत्तम प्रकारें केलें आहे. आम्हांस मात्र कार्यकारी मंडळानें निराळाच विषय नेमून दिला. आपल्या पॅरिशमधील कित्येक तरुण मुली, आणि मुलें मोठीं झाल्यामुळें थोडी उसंत मिळालेल्या कित्येक माता, आम्हांस विचारीत असतात कीं, "फादर, घरीं बसून नर्सिंगचें किंवा समाजसेवेचें शिक्षण घेतां येतें असें ऐकतों, तें खरें का?" ह्या प्रश्नाचें उत्तर 'होय' असेंही आहे आणि 'नाहीं' असेंही आहे, व ह्या दोन उत्तरांमधील भेद ज्यास कळला नाहीं, त्याचे पैसे, आणि पैशांहूनही मोलाचीं वर्षें, वायां जातात. यास्तव तो भेदच आज शक्य तितका स्पष्ट करून आपणांपुढें मांडावा, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम, हा प्रश्न आपल्या शहाडांत इतक्या निकडीनें कां उपस्थित होतो तें पाहूं. उल्हास नदीच्या कांठचें हें आपलें गांव. एका अंगास जुनें कल्याण, दुसऱ्या अंगास १९४९ सालीं निर्वासितांच्या छावणीस नांव देऊन वसविलेलें उल्हासनगर. रेयॉनच्या कारखान्यामुळें येथें ठिकठिकाणचीं कुटुंबें येऊन स्थिरावलीं. बाप पाळीवर, आई पहाटेच्या लोकलनें मुंबईस, मुलें शाळेंत, आणि घरीं अंथरुणास खिळलेली आजी: हें चित्र आपल्यापैकीं कोणास अपरिचित आहे? ज्यांचीं मुलें आखातांत किंवा कॅनडांत गेलीं, त्यांच्या घरीं तर दोन वृद्धच एकमेकांचा आधार. मग ब्युरोकडे माणूस मागावें लागतें. ब्युरो जी बाई पाठवितो ती बहुधा गरजू, कष्टाळू व मायाळूही असते. परंतु तिला ह्या कामाचें कोणीं कांहीं शिकविलेलें असतेंच असें नाहीं.

शुश्रूषेंत शिकण्यासारखें तें काय, असें कोणी म्हणेल. अर्धांगवायूनें निजलेल्या माणसास साधारण दर दोन तासांनीं कुशीवर वळवावें, नाहीं तर त्याच्या पाठीस व कमरेस व्रण पडतात. त्यास बसतें करून भरवावें व जेवण झाल्यावर कांहीं वेळ तसेंच बसवून ठेवावें, नाहीं तर घास श्वासनलिकेंत जाण्याचें भय असतें. मधुमेह्याचीं पावलें रोज पाहावीं, कारण पुष्कळदां जखम झालेली त्याची त्यालाच कळत नाहीं. ह्या गोष्टी समजण्यास डॉक्टर व्हावें लागत नाहीं. पण त्या आपोआपही कळत नाहींत. २०२० व २०२१ सालीं कोरोनाच्या सांथींत इस्पितळांत खाट मिळेनाशी झाली, तेव्हां बोटास यंत्र लावून रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण पाहणें घरच्या माणसांनाच शिकावें लागलें. ज्या ज्ञानानें घरांतील माणूस वांचूं शकतो, तें मिळविण्याची इच्छा आपल्या लेकीसुनांस व्हावी, ही आनंदाचीच गोष्ट होय.

आतां दूरशिक्षण म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. तें कांहीं कालपरवांचें खूळ नव्हे. इंग्लंडांत १८४० सालीं एका पेनीचें टपाल सुरू झालें, त्या सुमारास आयझॅक पिटमन ह्या गृहस्थानें टपालानें लघुलेखनाचे धडे पाठविण्यास आरंभ केला. आपल्या देशांत दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं पत्रद्वारा शिक्षण सुरू केलें व मुंबई विद्यापीठानें १९७१ सालीं. इंग्लंडमधील मुक्त विद्यापीठ १९६९ सालीं स्थापन झालें. पुढें त्यानें आरोग्य व समाजसेवा हा विषय स्वतंत्रपणें शिकविला. आपल्याकडे १९८५ सालीं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ निघालें, आणि १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. ज्ञानाची गंगा घरोघरीं नेणें हें ह्या नाशिकच्या विद्यापीठाचें ब्रीद आहे. आपल्या स्थानकावरून कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्गच पुढें नाशिकला पोहोंचतो. आणि त्याहून जवळची गोष्ट ही कीं, हें विद्यापीठ मराठींतून शिकवितें. रुग्णसहायक, आरोग्यमित्र अशा नांवांचे प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम त्यानें काढिले. इंग्रजीच्या भयानें ज्यांनीं शाळेबरोबरच पुस्तकही सोडलें, त्यांस ह्याचें मोल सांगावयास नको.

ह्या कार्यांत आपल्या ख्रिस्तसभेचाही हात लागला आहे, हें फार थोड्यांना ठाऊक असेल. भारतांतील कॅथलिक बिशपांच्या परिषदेनें इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाशीं करार केला व २००० सालीं तेथें आरोग्य आणि समाजकल्याण ह्या विषयांचें अध्यासन स्थापन झालें. त्या अध्यासनाच्या परिश्रमांतून एच.आय.व्ही. व कौटुंबिक शिक्षणाचे अभ्यासक्रम निघाले, आणि २००४ सालीं समाजकार्याची पदवी दूरशिक्षणानें देण्यास आरंभ झाला. हे अभ्यासक्रम सर्व धर्मांच्या व सर्व प्रांतांच्या विद्यार्थ्यांसाठीं होते. येथवर आमचें उत्तर 'होय' असें आहे.

आतां 'नाहीं' कोठें येतें तें नीट ध्यानांत घ्यावें. टपालानें किंवा संगणकाच्या पडद्यावरून कोणीही परिचारिका होत नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनीं वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण, परिचर्या व भौतिकोपचार ह्यांच्या पदव्या दूरशिक्षणानें देण्यास मनाई आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्यें सुरू होणाऱ्या सत्रापासून तर मानसशास्त्र, आहारशास्त्र इत्यादि आरोग्याशीं निगडित विषयांचीही त्यांत भर पडली. परिचारिका होण्याचा मार्ग एकच आहे: मान्यताप्राप्त संस्थेंत प्रत्यक्ष हजर राहून ए.एन.एम.चीं दोन वर्षें, जी.एन.एम.चीं तीन वर्षें किंवा बी.एस्सी.चीं चार वर्षें पुरीं करावीं, आणि मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेंत आपलें नांव नोंदवावें. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठानें १९९४ सालीं परिचारिकांसाठीं बी.एस्सी. काढली, ती गोष्ट खरी. परंतु ती ज्या आधींच शिकून, नोंदणी होऊन, नोकरींत होत्या त्यांच्या पुढील शिक्षणासाठीं होती. जिनें इस्पितळाची पायरी चढली नाहीं तिला परिचारिका करण्याचा तो उद्योग नव्हता.

हें सांगण्याचें कारण असें कीं, सहा महिन्यांत घरबसल्या नर्स करून देतों, नोकरीची हमी, असें सांगणारे लोक गल्लोगल्लीं आहेत. अशांनीं दिलेलीं सुंदर छापाचीं, सोनेरी मोहोरेचीं प्रमाणपत्रें आमच्या पाहण्यांत आलीं आहेत. त्यांवर सर्व कांहीं होतें. फक्त ज्या इस्पितळांत तीं दाखवावीं तेथें त्यांस कोणी विचारीत नव्हतें. आईनें मंगळसूत्र गहाण ठेवून भरलेली फी, आणि मुलीच्या उमेदीचीं दोन वर्षें, परत कोण देणार? मुलीची फसगत झाली ती झालीच. पण अशा प्रमाणपत्राच्या बळावर जर तिनें कोणास सुई टोंचली तर ज्याला टोंचली त्याच्याही जिवाशीं खेळ होतो.

नियम असा कडक कां, हेंही समजून घ्यावें. नाडी म्हणजे काय तें पुस्तक सांगेल. परंतु म्हाताऱ्या माणसाच्या मनगटावर ती शोधणें बोटांनाच शिकावें लागतें. रोग्यास खाटेवरून खुर्चीवर कसें घ्यावें ह्याचें चित्र कितीही पाहिलें तरी, पहिल्या खेपेस शेजारीं कोणी जाणती बाई उभी नसेल, तर रोगी पडतो किंवा उचलणारीची कंबर लचकते. धडा दुरून येऊं शकतो, हात मात्र जवळच शिकतो. म्हणूनच समाजकार्याच्या दूरशिक्षणांतही प्रत्यक्ष क्षेत्रकार्य सक्तीचें ठेविलें आहे.

ह्याचा उत्तम दाखला आपल्याच महाराष्ट्रांत आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्यानें १९७० सालीं तेव्हांच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत जामखेड येथें आरोग्याचें काम मांडलें. खेड्याखेड्यांतून त्यांनीं ज्या स्त्रिया निवडल्या त्यांतील कित्येकींस अक्षरओळख नव्हती, कित्येकींस गांवांत शिवतही नसत. त्या जामखेडला येऊन शिकत व गांवीं परत जाऊन करीत; पुन्हां येत, अडलेलें विचारीत, पुन्हां करीत. त्यांच्या हातून बाळंतपणें सुखरूप होऊं लागलीं, बालमृत्यु मोठ्या प्रमाणावर घटले, आणि १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. तें पत्रद्वारा शिक्षण नव्हतें. पण शिकण्याची जागा व करण्याची जागा ह्यांत अंतर असूनही, दोहोंच्या मध्यें फेरा चालू ठेविला तर विद्या कशी फळते, तें त्यांनीं दाखवून दिलें. दूरशिक्षणाचें यश नेमकें ह्या फेऱ्यावर अवलंबून आहे.

तेव्हां असें शिक्षण कोणीं घ्यावें? जिला परिचारिका व्हावयाचें आहे व जिचें वय, गुण आणि घरची परिस्थिति अनुकूल आहे, तिनें दूरशिक्षणाच्या मागें न लागतां थेट मान्यताप्राप्त शुश्रूषाविद्यालयांत जावें. फी जड वाटत असल्यास शिष्यवृत्तीची चौकशी करावी. परंतु जी बाई आज ब्युरोमार्फत रुग्ण सांभाळते, जी आशा कार्यकर्ती किंवा अंगणवाडी सेविका आहे, जो तरुण सेंट विन्सेंट दि पॉल मंडळींत गरिबांच्या घरीं जातो, जी सून आपल्या सासूची सेवा करीत आहे, त्यांना हें शिक्षण खचित लाभेल. कारण त्यांच्यापाशीं जवळचें अर्धें आधींच आहे, फक्त दुरून यावयाचें अर्धें हवें आहे.

प्रवेश घेण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्या. विद्यापीठाचें व त्या अभ्यासक्रमाचें नांव आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या त्या वर्षाच्या यादींत आहे कीं नाहीं, तें स्वतः पाहावें. दलालाच्या तोंडावर विसंबूं नये. अभ्यासकेंद्र कोठें आहे, आणि तेथें प्रत्यक्ष काम किती तास व कोणाच्या देखरेखीखालीं करावयाचें, हें विचारावें. पूर्ण फी किती, ती लेखी घ्यावी. पावतीखेरीज रुपयाही देऊं नये. आणि शेवटीं, ज्या इस्पितळांत वा संस्थेंत पुढें काम मागावयाचें तेथेंच आधीं जाऊन, हें प्रमाणपत्र तुम्ही मानतां का, असें विचारावें. ही चौथी गोष्ट सर्वांत सोपी, आणि सर्वांत कमी माणसें ती करितात.

आतां पॅरिश म्हणून आपलें कर्तव्य काय? महोत्सवाचीं तोरणें उतरतील, मेजवानीचीं भांडीं परत जातील. त्यानंतर कांहीं राहावें अशी इच्छा असेल, तर आम्ही तीन लहान कामें सुचवितों. पहिलें, आपल्या दिवाणखान्याची एक खोली रोज सायंकाळीं अभ्यासासाठीं उघडी ठेवावी. दोन खोल्यांच्या घरांत दूरदर्शनच्या गोंगाटांत कोणाचा अभ्यास होत नाहीं. दुसरें, आपल्यांत इस्पितळांतून निवृत्त झालेल्या ज्या परिचारिका आहेत, त्यांनीं महिन्यांतून दोन रविवार ह्या विद्यार्थ्यांस द्यावे. खाट, चादर व उशी मांडून त्यांच्याकडून प्रत्यक्ष करवून घ्यावें. तीस-पस्तीस वर्षें ज्या हातांनीं रोगी उचलले, ते हात निवृत्तीबरोबर कपाटांत ठेवण्याजोगे नव्हेत. तिसरें, महोत्सवाच्या निधींत जें उरेल त्यांतून दरवर्षीं निदान दोघांची फी भरावी. व त्याबद्दल त्यांनीं एवढेंच करावें कीं, आठवड्यांतून एकदां पॅरिशमधील एका एकाकी वृद्धाच्या घरीं जावें आणि शिकलेलें तेथें उपयोगीं आणावें. वृद्धाचा धर्म कोणता, तें विचारूं नये.

बंधुभगिनींनो, सेवेस प्रेम पुरेसें आहे असें आपण नेहमीं म्हणतों. अंथरुणावर पडलेल्या माणसास विचाराल तर तो सांगेल कीं, प्रेमळ पण अडाणी हातानें त्यास दुखतें, आणि शिकलेल्या पण कोरड्या हातानेंही दुखतें. प्रेम आपल्या घरांत आहे. त्याच्या जोडीस विद्या आणण्याची सोय आज टपालाच्या अंतरावर आलेली आहे. तिचा लाभ डोळसपणें घ्यावा, इतकीच आमची विनंति. पुढील रविवारीं मिस्सानंतर ज्यांस चौकशी करावयाची असेल त्यांनीं कार्यालयांत यावें. खऱ्याखोट्या अभ्यासक्रमांची निवड करण्यास आम्ही त्यांच्याबरोबर बसूं.