घोरणे आणि हृदयाचे ठोके
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे; तुमच्यातलीच एक. तरी कार्यवाहबाईंनी मला आज उभे केले, ते आमच्या घरच्या एका अनुभवामुळे.

आमचे हे पुष्कळ वर्षे डोंबिवलीहून मुंबईला नोकरीस जात. गाडीत बसायला जागा मिळाली की कोपर येईतो डोळा लागे. आम्ही म्हणायचो, दगदगीने थकतात. रात्रीचे घोरणे तर शेजारपाजारी प्रसिद्धच! मुले 'कुंभकर्ण' म्हणत, मीही हसे. त्या घोरण्यात मध्येच एकदम शांतता होई, आणि मग मोठा आचका देऊन श्वास परत येई. ती शांतता मला बरी वाटे; तेवढीच मला झोप. आज ते आठवले की अंगावर काटा येतो.

एका पहाटे त्यांच्या छातीत धडधड सुरू झाली. ठाण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितले की हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरताहेत. अशाने रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याचे भय. रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू झाली, विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणले. दोन महिन्यांत पुन्हा तेच! तेव्हा डॉक्टरांनी मला विचारले, "बाई, हे रात्री घोरतात का? श्वास थांबतो का?" तोवर हे मला कोणी विचारलेच नव्हते, आणि मीही सांगितले नव्हते.

झोपेची तपासणी झाली. तासाला ३४ वेळा श्वास अडत होता. पाचांच्या पुढे गेले की दोष धरतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, रक्तदाब चढतो, आणि बंद घशाशी झगडताना हृदयाचे कप्पे ताणले जातात. रात्रभर हेच.

यावर नाकावाटे दाबाने हवा देणारे यंत्र आहे. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ साली प्रसिद्ध केले. मुखवटा लावायला यांना लाज वाटे; तासाभरात काढून टाकीत. मग संध्याकाळी बातम्या पाहताना अर्धा अर्धा तास लावायची सवय केली. महिन्याभरात जमले. वजनही सात किलो उतरवले.

मेयो क्लिनिकच्या २००३ सालच्या अभ्यासात, ठोके ताळ्यावर आणल्यानंतर वर्षभरात हा विकार उलटला, तो श्वासदोषावर उपचार न घेतलेल्या शंभरांतल्या ८२ जणांत. घेतलेल्यांत ४२ जणांत. पण पुढच्या काही कसोट्यांत यंत्राचा असा गुण दिसला नाही, हेही डॉक्टरांनी सांगितले. म्हणून यंत्र आले तरी हृदयाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. यांना दीड वर्ष त्रास नाही. श्रेय कशाचे किती, ते मी सांगू शकत नाही. गाडीत मात्र आता वर्तमानपत्र वाचून होते!

आता आपल्याविषयी. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया यांनी केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ३५ ते ६५ वर्षांच्या शंभर पुरुषांत सुमारे साडेसात जणांना हा विकार आढळला. अभ्यास पुरुषांचाच होता! पाळी गेल्यावर हा धोका बायकांतही वाढतो. बायकांत पुष्कळदा घोरणे ठळक नसते. थकवा, सकाळची डोकेदुखी, तुटक झोप एवढेच दिसते. आपण म्हणतो, घरच्या कामाने होतेच. नवऱ्याचे घोरणे आपण ऐकतो. आपला श्वास कोण ऐकते?

तेव्हा भगिनींनो, आज रात्री घरात कान देऊन ऐका. श्वास अडताना दिसला तर घड्याळ पाहा, फोनवर आवाज धरून ठेवा, आणि डॉक्टरांना आपण होऊन सांगा. आणि आपल्याविषयीही लेकीला, सुनेला ऐकायला सांगा. त्यात लाज कसली?