ट्रेन्ड मास्तर पाहिजे

१८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतिरावांनी काय मागितलं? प्राथमिक शाळेला ट्रेन्ड मास्तर, शेतकऱ्या-कष्टकऱ्यांत मिसळणारा, अन् पगार किमान बारा रुपये. आपल्याला काय मिळालं? डी.एड.ची दुकानं! महाराष्ट्रातल्या या कॉलेजांच्या मान्यतेचं भांडण सुप्रीम कोर्टात गेलं, तेव्हा २०११ साली वर्मा आयोग नेमावा लागला.

माझ्या आयनं डोरलं मोडून माझी फी भरली. सरावपाठ झाले ते वहीतच. वर्गात जात कुठं बसते, हे कुणी शिकवलंच नाही. पहिल्या दिवशी शेवटच्या बाकावरची पोरं बघितली अन् कळलं.

म्हणून मागणी एकच : सरकारनं स्वतःची अध्यापक विद्यालयं चालवावीत, विद्यावेतन द्यावं, सरावपाठ झोपडपट्टीतल्या शाळेत घ्यावेत. नुसतं निवेदन देऊन घरी जायचं नाही.

जय भीम!