तासाभरात नवी होणारी गाडी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

रविवारी आमच्या शिरगावात गाड्यांची रांग लागते. सोमाटणे फाट्यावरून आत वळलं की प्रतिशिर्डीचं साईमंदिर लागतं. दर्शनाला येणारी मंडळी पुण्या-मुंबईची, गाड्या नव्या कोऱ्या. आमच्या अंगणातल्या शेडमध्ये मात्र 1978 सालची प्रीमियर पद्मिनी उभी असते. परतीच्या वाटेवरचं कुणी ना कुणी तिच्यापाशी थांबतंच. "आमच्याकडेही होती हो," असं म्हणतं, बॉनेटवरून हात फिरवतं आणि पुढे जातं.

एकदा असाच एक कॉलेजात जाणारा मुलगा थांबला. गाडी त्याने चारी बाजूंनी पाहिली आणि विचारलं, "काका, किती दिवसांत केलीत?"

म्हटलं, "दुसऱ्या खेपेला सात वर्षं लागली."

तो हसला. म्हणाला, "टीव्हीवर तर आठवड्यात करतात!"

त्याचं हसणं मला लागलं नाही, कारण कधी काळी मीही तसंच म्हणत होतो. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते याच विषयावर. जुन्या मोटारींचे शौकीन एकत्र जमले की टीव्हीवरच्या त्या कार्यक्रमांची टर उडवतात. तरी गंमत अशी की, एकही भाग चुकवत नाहीत. मीही चुकवत नाही. मग हा अविश्वास कशाचा?

आधी पैशांचा हिशेब पाहू. इंग्लंडमधला 'व्हीलर डीलर्स' हा कार्यक्रम 2003 साली सुरू झाला. माइक ब्रूअर जुनी गाडी विकत आणायचा, एड चायना ती दुरुस्त करायचा, मग गाडी विकून फायदा किती झाला ते सांगितलं जायचं. गाडीची किंमत अमुक, सुट्या भागांचा खर्च तमुक, उरला तो नफा. त्या हिशेबात एड चायनाची मजुरी कुठेच नसायची. म्हणजे ज्याच्या हातांनी गाडी उभी राहिली, त्याचे हात फुकट! आपल्याकडे गॅरेजमध्ये बिल हातात पडलं की कळतं, सामानापेक्षा मजुरीच जास्त असते.

दुसरा हिशेब वेळेचा. 'ओव्हरहॉलिन' या अमेरिकन कार्यक्रमात एक मोठी टोळी रात्रंदिवस राबून आठवडाभरात गाडीचा कायापालट करते. समजा, 20 माणसं 7 दिवस राबली, तर ते 140 दिवसांचं काम झालं. आमच्या मिस्त्रींना एकट्याने तेवढं करायला एकही सुट्टी न घेता साडेचार महिने लागतील. शिवाय हवा तो भाग दारात हजर असायला हवा. एमटीव्हीवर 2004 ते 2007 या काळात 'पिंप माय राइड' लागायचं. ते जीर्णोद्धाराचं नव्हे, सजावटीचं काम. त्यात भाग घेतलेल्या काहींनी 2015 साली सांगितलं, की पडद्यावर झटपट दिसलेल्या कामाला प्रत्यक्षात कित्येक महिने लागले आणि बसवलेल्या काही वस्तू चित्रीकरण संपल्यावर काढून घेतल्या गेल्या.

तिसरा हिशेब पत्र्याचा. तो मी स्वतः चुकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ही गाडी आमच्या वडिलांची, अप्पांची. त्या काळी मोटारीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 तयार होऊ लागली. तिचं गोलमटोल जुनं रूप म्हणजे आपली 'डुक्कर फियाट'. 1964 साली 'डिलाइट' आली आणि 1970च्या दशकात तीच गाडी आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झाली. 1089 सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. अप्पांनी या गाडीतून आम्हाला किती वेळा खंडाळ्याचा घाट दाखवला, त्याची गणती नाही. डिकीत पाण्याचा डबा असायचाच, कारण घाटात रेडिएटर उकळणार हे ठरलेलं.

1998 नंतर गाडी उभीच राहिली. 2006 साली टीव्हीवरचे असले कार्यक्रम पाहून माझ्या अंगात आलं. मी ती एका गॅरेजमध्ये दिली, सहा आठवड्यांची मुदत घातली आणि सांगितलं, चकाचक करून द्या. दिली त्यांनी. दुधाळ रंग, नवी सीट कव्हरं, क्रोमचं बंपर आरशासारखं. मी गावात पेढे वाटले. अप्पा गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि एवढंच म्हणाले, "खालून पाहिलीस का?"

मी पाहिली नव्हती. टीव्हीवर कुणी खालून दाखवत नाही.

या गाडीला जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. तळाचा पत्रा, दाराखालच्या पेटीसारख्या पट्ट्या, खांब, छत हे सगळं मिळून एकच सांगाडा असतो आणि सगळा भार तोच पेलतो. पावसाचं पाणी काचेच्या कडेने दारात उतरतं आणि दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं चिखलाने किंवा रंगाने बुजली की पाणी आतच साठतं. गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा संपलेला असतो. लोणावळ्याइतका पाऊस आमच्याकडे पडत नाही, पण चार महिने हवा ओलीच असते. माझ्या गाडीचा गंज कुणी कापलाच नव्हता. त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी भरली होती आणि वर रंग मारला होता. दोष एकट्या त्या गॅरेजचा नाही. सहा आठवड्यांत मी जे मागितलं, तेच त्यांनी दिलं.

दुसऱ्या पावसाळ्यात, 2008 साली, दाराखाली फोड आले. पुढे टायर पंक्चर झालं म्हणून मी जॅक लावला, तर गाडी उचलली जाण्याऐवजी जॅकच पत्र्यातून आत शिरला. अप्पा ओट्यावर बसले होते. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आणखी एक नुकसान झालं, ते मला फार उशिरा उमगलं. अप्पांच्या हाताने झिजलेलं मूळ स्टिअरिंग व्हील आणि जुनी गादी पहिल्या खेपेला भंगारात गेली होती. "जुनं कशाला ठेवता?" असं विचारल्यावर "टाकून द्या" म्हणणारा मीच.

2009 साली पुन्हा सुरुवात केली. या वेळी काम आमच्याच शेडमध्ये करायचं ठरलं. सोमाटण्याच्या बाजूचे एक वयस्कर मिस्त्री रविवारी यायला तयार झाले. त्यांची पहिली अट होती, "दादा, रंगाचं नाव दोन वर्षं काढायचं नाही." लांबी खरवडून काढली तेव्हा दाराखाली पत्रा असा उरलाच नव्हता. सडका भाग कापायचा, त्याच आकाराचा नवा पत्रा ठोकून घडवायचा, वेल्डिंग करायचं, तो थंड होऊ द्यायचा, दार लावून फट पाहायची. फट चुकली की पुन्हा कापायचं. एका दाराच्या फटीपायी आमचा एक अख्खा उन्हाळा गेला. भागांसाठी मी पुण्याला नाना पेठेत जायचो, बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात फिरायचो, कुर्ल्याला भंगारवाल्यांकडे खेपा घालायचो. एका दाराच्या मुठीसाठी आठ महिने थांबलो.

या सगळ्यात अप्पा रोज स्टुलावर बसलेले असायचे. नटबोल्ट रॉकेलमध्ये धुवायचे, पुसायचे आणि डालडाच्या जुन्या डब्यांत घालून वर चिठ्ठी लावायचे : 'डावं दार, वरची बिजागरी', 'कार्बोरेटर, मोजून चार'. मिस्त्री आणि ते तासन् तास बोलत असायचे. गाडी घेताना पैसे कसे उभे केले, आईला पहिल्यांदा बसवून कुठे नेलं, हे सगळं मी त्या शेडमध्ये, दुसऱ्याला सांगितलेलं ऐकलं. मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

2013 साली अप्पा गेले. तेव्हा गाडीचं इंजिन खाली उतरवलेलं होतं.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये 'कार एसओएस' सुरू झालं. त्यात आजारी किंवा अडचणीत सापडलेल्या माणसाची गाडी त्याच्या नकळत नेतात, दुरुस्त करतात आणि अचानक समोर आणून उभी करतात. माणूस रडतो, आपणही रडतो. मी त्या कार्यक्रमाला नावं ठेवणार नाही. ते काम मनापासून करतात, त्यातले कारागीरही खरे. पण तो पाहताना दर वेळी मनात येतं, अप्पांना न कळवता ही गाडी पूर्ण झाली असती, तर त्यांना ती मिळाली असती आणि ती चार वर्षं मिळाली नसती.

मला वाटतं, शौकिनांच्या अविश्वासाचं मूळ इथे आहे. टीव्हीला शेवट हवा असतो, पडदा दूर होऊन चमकणारी गाडी हवी असते. मधलं काम कंटाळवाणं म्हणून कापलं जातं. एड चायनाने 2017 साली 'व्हीलर डीलर्स' सोडलं, तेव्हा त्याने जाहीरपणे सांगितलेलं कारण हेच होतं : कार्यशाळेतलं काम चित्रित करायला अवघड, म्हणून ते कमी करायचं ठरत होतं आणि त्याला ते मान्य नव्हतं.

आपल्या कायद्यालाही हा फरक कळला आहे, याचं मला नवल वाटलं. 2021 साली केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात राखलेली हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत. म्हणजे कायदा विचारतो ते गाडी किती चमकते हे नव्हे, तर मूळची किती उरली आहे हे. आमची पद्मिनी 2028 साली पन्नाशी गाठेल. आम्ही बदललेल्या पत्र्याबद्दल अधिकारी काय म्हणतील ते तेव्हा पाहू. तोवर नेहमीची नोंदणी चालू ठेवायची. तिच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल 2022 मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेलं आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी 2025 मध्ये आणखी वाढलं. हा खर्चही टीव्हीवर दिसत नाही.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 रोजी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. त्यानंतर जुनी पद्मिनी शोधणारे वाढल्याचं मला जाणवतं. त्यांना माझं सांगणं थोडकं आहे. खिशात एक लोहचुंबक ठेवा, फडक्यात गुंडाळून दाराच्या खालच्या भागावर फिरवा. जिथे तो चिकटत नाही, तिथे पत्रा नाही, लांबी आहे. रंग पाहण्याआधी सतरंजी टाकून गाडीखाली झोपा. भाग काढण्याआधी फोटो घ्या. जुनं काही टाकू नका. आणि घरातल्या ज्या माणसाची ती गाडी आहे, त्याला शेजारी बसवा. काम उशिरा झालं तरी चालेल.

गाडी 2016 साली रस्त्यावर आली. घाट चढताना रेडिएटर उकळला नाही, तरी पाण्याचा डबा मी डिकीत ठेवला होता.

त्या मुलाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. त्याच्या हातात चुंबक दिला आणि म्हटलं, "फिरवून बघ." तो गाडीभोवती सावकाश एक फेरी मारून आला. मग आपणहून गुडघे टेकून खाली वाकला आणि तळाशी पाहू लागला. त्याच्या घरची मंडळी रस्त्यावरून हाका मारत होती. तो म्हणाला, "थांबा, आलो."