संगणकातला ठेवा कसा जपावा?

(गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यासांनी सांगितलेले महाभारत लिहून काढणारा लेखनिक म्हणजे आपला गणपती. तेव्हा लिहिलेले जपावे कसे, हा विषय या मांडवात अप्रस्तुत ठरू नये.

मुलांच्या मुंजीचे फोटो, आईवडिलांचे ध्वनिमुद्रित आवाज, घराची कागदपत्रे, आयकराचे हिशेब असे सगळे आज संगणकात नाहीतर मोबाईलमध्ये असते. मंडळाची सभासद यादी आणि वर्गणीचा हिशेबही तिथेच. हार्ड डिस्क हे शेवटी यंत्र आहे, ते कधी ना कधी बंद पडणारच. नवा संगणक बाजारात मिळतो, गेलेल्या वडिलांचा आवाज मिळत नाही.

बॅकअप म्हणजे वेगळी ठेवलेली प्रत. ती कुठे ठेवली, हे महत्त्वाचे. डिसेंबर २०१५ चा पूर चेन्नईकर विसरलेले नाहीत. चेंबरंबाक्कम तलावातून पाणी सोडले, अड्यार नदी फुगली, सैदापेट, कोट्टूरपुरम, जाफरखानपेट पाण्याखाली गेले. अशा वेळी तळमजल्यावर संगणक टेबलावर आणि बॅकअपची डिस्क खालच्या खणात असेल, तर दोन्ही एकाच पाण्यात! मुंबईत २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, वरचे मजले आणि तिथल्या फायली जळाल्या. कागद असो वा डिस्क, सगळे एकाच छपराखाली असले की एकाच संकटात सगळे जाते.

यावर पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम सोपा आहे. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. मूळ फाईल संगणकात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर. क्लाउड नको वाटत असेल, तर सुटीत गावी जाताना एक डिस्क पुण्याच्या किंवा सांगलीच्या भावाकडे ठेवावी आणि मागच्या वर्षीची परत आणावी.

इथे एक गैरसमज होतो. रेल्वेत इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगला ‘हॉट स्टँडबाय’ असतो. एक यंत्रणा बंद पडली की दुसरी लगेच काम हाती घेते. पण दोन्हींत प्रोग्राम एकच, त्यात चूक असली तर दोन्ही तीच चूक करणार. मोबाईल आणि क्लाउडचे ‘सिंक’ असेच असते. इथे फोटो पुसला की तिथलाही पुसला जातो. काही सेवा तो काही दिवस कचरापेटीत ठेवतात, पण ती मुदत संपते. म्हणून सिंकवर विसंबू नये, जुनी प्रत वेगळी हवीच.

डिस्क कायम जोडूनही ठेवू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या संगणकांतील फायलींना कुलूप लावून खंडणी मागितली. असा विषाणू जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. प्रत काढली की डिस्क काढून कपाटात ठेवावी.

आणि प्रत उघडून पाहावी. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ चित्रपटाच्या फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या, आणि बॅकअप नीट होत नव्हता हे तेव्हा कळले. घरून काम करणाऱ्या एका बाईंच्या संगणकावर प्रत होती, म्हणून चित्रपट वाचला. वर्षातून दोनदा चार-पाच फायली दुसऱ्या संगणकावर उघडून बघाव्यात.

तंजावरला आपल्या माणसांनी हे फार पूर्वी ओळखले होते. १८०३ मध्ये सरफोजी राजांच्या काळात भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरला गेला. तो आजही तिथे आहे. आपल्याला भिंत कोरायची नाही, दोन डिस्क पुरतात.

मंडळाला माझी एक सूचना आहे. उत्सवाचा हिशेब मंजूर झाला की त्या वर्षाचे फोटो, याद्या, जमाखर्च दोन डिस्कवर घ्यावा. एक अण्णानगरच्या कार्यकर्त्याकडे, दुसरी मैलापूरच्या. कोणाकडे काय आहे, ते मंडळाच्या वहीत लिहावे.

बाप्पा पुढच्या वर्षी येतातच. पुसलेली फाईल येईलच असे नाही.

गणपती बाप्पा मोरया!